कोकणात गाडीवर किती खर्च करावा: नवी की जुनी, आणि आकडा कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा. राजापूर तालुक्यात, किनाऱ्यापासून सहा-सात किलोमीटरवर घर. घरात चौघं. एकाचा कायम पगार महिना ३८ हजार, बाकी उत्पन्न आंबा-काजूचं, म्हणजे वर्षातून एकदा हातात येणारं. रोख ३ लाख तयार आहेत. रत्नागिरी, बाजार, दवाखाना, अधूनमधून कोल्हापूर असा वर्षाला ९ हजार किलोमीटरच्या आसपास वापर. ऑन रोड, म्हणजे रस्ता कर, विमा, नोंदणी सगळं धरून, ८ लाखांची नवी छोटी पेट्रोल गाडी घ्यावी, की ४ लाखांत पाचेक वर्षं वापरलेली?

तुम्ही जुनी घ्या. मात्र ४ लाखांच्या आसपासचा हा आकडा गाडीची किंमत न धरता सुरुवातीचा सगळा खर्च धरा. गाडी साडेतीनची बघा. उरलेले पैसे कागदपत्रं, विमा आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा. हा आकडा कसा निघाला ते समजलं, तर पगार आणि वापर वेगळा असलेल्यांनाही आपापला आकडा काढता येईल.

पाच वर्षांचा हिशेब मांडू. नव्या गाडीचे ८ लाख. त्यातले ३ रोख, ५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी: हप्ता १० हजार ३८०, व्याज १ लाख २३ हजार. पहिल्या वर्षाचा विमा ऑन रोडमध्ये आला, पुढच्या चार वर्षांचा मिळून ६५ हजार. सर्व्हिसिंग ४५ हजार, पाचव्या वर्षी टायर-बॅटरीचे २५ हजार. पाच वर्षांनी गाडी विकली तर ३ लाख ९० हजार परत येतील असं धरू. पेट्रोल सोडून निव्वळ खर्च ६ लाख ६८ हजार, म्हणजे महिन्याला ११ हजार १००.

आता जुनी. किंमत साडेतीन लाख, नावावर करणं आणि विमा २० हजार, सुरुवातीची दुरुस्ती ४५ हजार. दीड लाखाचं कर्ज १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी: हप्ता ४ हजार ९८०, व्याज २९ हजार. पुढचा चार वर्षांचा विमा ४२ हजार, सर्व्हिसिंग ६० हजार. टायर, बॅटरी, क्लच आणि एसीचं एखादं मोठं काम मिळून ८० हजार. शेवटी विकून दीड लाख येतील. निव्वळ ४ लाख ७६ हजार, महिन्याला ७ हजार ९००.

किमतीत फरक साडेचार लाखांचा. पाच वर्षांत प्रत्यक्ष वाचतात १ लाख ९२ हजार, आणि जुनी गाडी पेट्रोल थोडं जास्त पिते ते वजा केलं तर १ लाख ७० हजारांच्या आसपास. या हिशेबातला खरा मुद्दा हाच. जुनी गाडी निम्म्या किमतीची असते, निम्म्या खर्चाची नसते. हे पावणेदोन लाख ही तुमची सगळी सवलत. गंजलेली, पुरात बसलेली किंवा क्लच संपलेली गाडी गळ्यात पडली, तर ती सवलत पहिल्या दीड वर्षात गॅरेजला जाते आणि वर रस्त्यात खोळंबणं येतं. म्हणून जुन्या गाडीचा आकडा ठरवताना अर्धं लक्ष पैशावर आणि अर्धं गाडीच्या पोटाखाली हवं.

तरीही तुमच्या घरासाठी जुनीच का? कारण हप्ता दर महिन्याला जातो आणि आंबा दर महिन्याला येत नाही. गाडीचा आकडा जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच्या उत्पन्नावर तपासायचा. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, बेगमी, शाळेचे खर्च आणि मग गणपती असे सलग येतात, तेव्हा हातात फक्त पगार असतो. मासेमारीवर घर असलेल्यांनी तर १ जून ते ३१ जुलै ही बंदी शून्य उत्पन्नाचीच धरावी. हप्ता, पेट्रोल आणि विमा-सर्व्हिसिंगचा बारावा भाग यांची बेरीज कायम उत्पन्नाच्या एक तृतीयांशावर जाऊ नये. तुमच्यासाठी ही मर्यादा १२ हजार ६०० च्या आसपास. जुन्या गाडीत हप्ता ४ हजार ९८०, पेट्रोल ५ हजार ६००, बाकी १ हजार ९००, म्हणजे १२ हजार ५००: काठावर, पण बसतं. नव्या गाडीत हीच बेरीज साडेसतरा हजारांपुढे जाते, पगाराच्या ४६ टक्के. आंबा चांगला गेला तर काही जाणवणार नाही. एखाद्या वर्षी मोहोर गळला किंवा अवकाळी पाऊस झाला, तर त्या वर्षी दागिना गहाण पडतो. पगार ५५ हजारांच्या वर असता, तर मी नवीच घ्या म्हटलं असतं.

पेट्रोलचा हिशेबही दिला पाहिजे. लिटर १०५ रुपये धरा. आपल्या चढ-उतारांवर आणि वळणांवर छोट्या गाडीला लिटरमागे १५ किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका, कंपनीचा आकडा काहीही असो. किलोमीटरला ७ रुपये नव्या गाडीला, साडेसात जुनीला.

कर्ज घेताना दर कोणत्या पद्धतीचा ते लेखी विचारा. जुन्या गाडीच्या कर्जाला बरेच एजंट ‘८ टक्के फ्लॅट’ सांगतात, म्हणजे फेड होत गेली तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. तीन वर्षांसाठी १ लाखावर ८ टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता ३ हजार ४४४, आणि घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवर, तोच दर साडेचौदा टक्के भरतो. बँकेचा १२ टक्के घटत्या शिलकीवरचा हप्ता ३ हजार ३२१ येतो. कानाला आठ स्वस्त वाटतो, खिशाला बारा स्वस्त पडतो. मुदत सात वर्षांवर नेऊन हप्ता कमी करायची सूचना हमखास येईल. ९ टक्क्यांनी लाखामागे हप्ता २ हजार ७६ वरून १ हजार ६०९ वर येतो खरा, पण व्याज साडेचोवीस हजारांवरून पस्तीस हजारांवर जातं आणि सहाव्या-सातव्या वर्षी, दुरुस्त्या सुरू झाल्यावरही, हप्ता चालूच राहतो. त्यापेक्षा मुदतपूर्व फेडीला दंड किती ते आधी विचारून, मे महिन्यात आंब्याच्या पैशातून एकरकमी भरणा करा.

किंमत ठरवताना एक गोष्ट विकणारा सांगणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी १२०० सीसीच्या आतल्या, चार मीटरपेक्षा लहान पेट्रोल गाडीवर २८ टक्के आणि वर १ टक्का उपकर होता. म्हणजे तेव्हा ८ लाख एक्स-शोरूम (रस्ता कर आणि विमा सोडून) असलेली गाडी, कंपनीने मूळ किंमत वाढवली नसती तर, ७ लाख ३२ हजारांना पडली असती. मालक ‘मी आठ लाखांना घेतली होती’ म्हणतो तेव्हा त्याच्या बिलावरून मोजू नका, आज शोरूममध्ये तीच गाडी कितीला आहे त्यावरून मोजा. विम्यातली घोषित किंमत ठरवताना चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. तो आकडा बोलणीची सुरुवात म्हणून चांगला. आणि व्यापाऱ्याकडून घेतलीत तर १८ टक्के जीएसटी त्याच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. दोन व्यक्तींच्या थेट व्यवहाराला तो लागतच नाही.

आता गाडी कुठली बघायची. किनाऱ्यावरच्या गाडीचं वय तारखेवर मोजता येत नाही. देवगड, मालवण, गुहागर, हर्णै अशा ठिकाणी अंगणात उघड्यावर उभी राहिलेली पाच वर्षांची गाडी आणि कराड-साताऱ्याकडची पाच वर्षांची गाडी यांच्या खालच्या पत्र्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. खारं वारं पत्र्यावर मिठाचा थर बसवतं, मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही गंज चालू राहतो. त्यात कोणी वाळूत, लाटांत गाडी फिरवली असेल तर खारं पाणी बेअरिंगमध्ये आणि ब्रेकच्या सांध्यांत जातं. म्हणून शोध घाटमाथ्यावर घ्या: आंबा किंवा गगनबावडा घाट चढून कोल्हापूर, कुंभार्ली चढून कराड-सातारा, नाहीतर पुणे. १० हजार जास्त द्यावे लागले तरी द्या. मुंबईची गाडी कमी किलोमीटर दाखवते, पण ते किलोमीटर वाहतूक कोंडीतले असतात. तिचा क्लच संपत आलेला असतो.

घाटमाथ्यावरची म्हणून डोळे मिटायचे नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण, खेड, महाडमध्ये शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या. कोल्हापूर-सांगलीला ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ असे दोन पूर आले. त्या तारखांआधी नोंदलेली गाडी असेल तर ही तपासणी टाळू नका. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा: आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा ताठरपणा दिसतो. कोणी आसनं धुतो, पण हा भाग धुवायला विसरतो. पुढची सीट मागे सरकवून तिच्या पट्ट्यांचे बोल्ट बघा. गाडीच्या आत बोल्ट गंजायला खारं वारं पुरत नाही, पाणीच लागतं. डिकीतलं स्टेपनी चाक काढून खालचा खड्डा बघा, फ्यूज बॉक्स उघडून पिना हिरवट आहेत का ते बघा, पायाखालचा गालिचा उचलून खालचा फेस दाबा. सगळी गाडी जुनी आणि गालिचा तेवढा कोरा, तर निघून या.

गंज तपासायला गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्याच. वॉशिंग सेंटरवाल्याला शे-दोनशे रुपये दिले की तो घेऊ देतो. बघायची ठिकाणं: पुढची सबफ्रेम (इंजिन-चाकांचा भार पेलणारी खालची चौकट) आणि लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) जिथे जोडलेले असतात ती जागा, मागच्या अ‍ॅक्सलची दोन्ही टोकं, ब्रेकच्या लोखंडी नळ्या, पेट्रोल टाकीचे पट्टे, सायलेन्सरचे सांधे, बॅटरीखालचा ट्रे, चाकांवरच्या कमानींची आतली कड, आणि दाराच्या खालच्या काठावरची पाणी निघायची भोकं. ती भोकं मातीने बुजली की दार आतून कुजतं आणि वरून रंग छान दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला आणि वर नुसती तांबूस पूड असेल तर चालेल. आवाज बसका आला, पापुद्रे सुटले, तर तो पत्रा गेला. नळ्या, सायलेन्सर, लोअर आर्म बदलता येतात: ब्रेकची नळी २ ते ४ हजार, सायलेन्सरचा मागचा भाग ४ ते ८ हजार, लोअर आर्मची जोडी ४ ते ७ हजार. सबफ्रेमची जोड किंवा दाराखालचा उंबरा गंजला असेल तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका. तिथे वेल्डिंग टिकत नाही, आणि अपघातात तोच भाग तुम्हाला वाचवणार असतो.

खालून नुकतंच काळं कोटिंग मारलेली जुनी गाडी दिसली तर जास्त सावध व्हा. गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं आणि गंज आतून खात राहतो. कोटिंग करायचं ते घरी आणल्यावर, पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, गंज घासून काढून मगच. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी.

किनाऱ्यावर आणखी एक खर्च लोक विसरतात, तो एसीच्या कंडेन्सरचा. बंपरच्या मागे अगदी पुढे बसणारी ती अ‍ॅल्युमिनियमची जाळी खाऱ्या वाऱ्याने पांढरी पडून झिजते आणि गॅस गळतो. ६ ते १२ हजार लागतात. विकणारा ‘फक्त गॅस भरायचाय’ म्हणाला तर तेवढे पैसे किमतीतून वजा करा. बागेतल्या घरांना उंदरांचाही त्रास आहे. बॉनेट उघडून वायरिंगवर टेपची जोडकामं किती आहेत ते मोजा. एक-दोन चालतील, जागोजागी असतील तर पुढे सेन्सर रुसत राहतील.

चालवून बघताना इंजिन थंड असलं पाहिजे. हात लावून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. चालू करताना निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या सांध्यातल्या पत्रीचा) संशय. मग चढावर न्या. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये जोराने अ‍ॅक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय: सामान आणि मजुरी धरून १० ते १५ हजार. उतारावर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या. ६० च्या वेगाला घूं असा एकसारखा आवाज आला तर चाकाचं बेअरिंग. टायरवर चार आकडी शिक्का असतो: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही असो, चार टायरचे १६ ते २० हजार हिशेबात धरा. ओल्या घाटात कडक पडलेलं रबर पकडत नाही.

बघायला योग्य वेळ म्हणजे जून-जुलै. गळती, वायपर, धुकं काढणारी हवा, ओल्या रस्त्यावरचा ब्रेक, सगळं आपोआप कळतं. गणपतीच्या आधीच्या महिन्यात मात्र घाई करू नका. तेव्हा घेणाऱ्यालाच गरज असते आणि ती विकणाऱ्याला दिसते.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी, हे लवकर सांगतो. वर्षाला १८-२० हजार किलोमीटरच्या खाली डिझेलचा विचार नको. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला लांब, एका वेगात धाव लागते. वाडी ते बाजार अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो. सीएनजीचं सिलिंडर तीन वर्षांनी तपासून घ्यावं लागतं, डिकी जाते, आणि पंप तुमच्या नेहमीच्या वाटेवर असेल तरच उपयोग. पेट्रोलमध्ये एप्रिल २०२३ नंतरची गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली असते. त्याआधीची घेतलीत तर इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्या. घराची वाट जांभ्याची, खडबडीत असेल तर जमिनीपासून १७० मिलिमीटरच्या वर उंची असलेली बरी. नाहीतर चौघं बसल्यावर इंजिनाखालची ऑइलची टाकी दगडाला लागते. आणि त्या कंपनीचं वर्कशॉप रत्नागिरी, कणकवली किंवा कुडाळला आहे का ते आधी बघा. प्रत्येक सर्व्हिसिंगला कोल्हापूर गाठायचं झालं तर दिवस आणि दीड हजाराचं पेट्रोल जातं.

ज्यांना पुढेमागे नवीच घ्यायची आहे त्यांनी ऑन रोडच्या कागदावर रेघेरेघेने बोट ठेवावं. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात रस्ता कर ११ टक्के, डिझेलला १३. कंपनी किंवा फर्मच्या नावावर घेतली तर २०. ‘हँडलिंग’ नावाची रक्कम देऊ नका. विमा शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती नसते, बाहेरचा भाव मागवा. पण इंजिन प्रोटेक्ट आणि झिरो डेप्रिसिएशन (बदललेल्या भागांचा घसारा न कापता भरपाई) ही दोन जोडकलमं कोकणात सोडू नका. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू केली की इंजिनात पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि साधी पॉलिसी हे नुकसान भरून देत नाही. गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही बघा. जानेवारीत घेतलेली डिसेंबरची गाडी विकताना एक वर्ष जुनी ठरते.

नोकरीला मुंबईत असणारे आणि फक्त शिमगा, मे महिना, गणपतीसाठी गावाला गाडी ठेवू पाहणारे चाकरमानी यांनी दोन-अडीच लाखांवर जाऊ नये. उभी गाडी इथे चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते: बॅटरी बसते, ब्रेक डिस्कला गंज चढतो, उंदीर घर करतात. वर्षाला ३ हजार किलोमीटरच्या आत वापर असेल तर गावातलीच गाडी भाड्याने करणं सरळ स्वस्त पडतं.

कागदपत्रांत पैसे देण्याआधी परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका: कर्जाचा बोजा, थकलेली चलनं, विम्याची तारीख दिसते. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. विक्रीला, म्हणजे मालकी बदलायला, फॉर्म २९ आणि ३०. चालू पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) शून्य असेल तर बहुधा मागच्या वर्षी क्लेम झालाय, कशाचा ते विचारा. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. म्हणून विम्याचा हप्ता त्याच्या पावतीवरून धरू नका. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नंबर देऊन जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा. मीटर मागे फिरवला असेल तर तिथेच उघड होतं. सिंधुदुर्गातल्यांना गोव्याची गाडी स्वस्त दिसते. तिला तिकडचं ना हरकत पत्र, मग महाराष्ट्राचा रस्ता कर, आणि गोव्यातला उरलेला कर परत मिळवायची खटपट लागते. हा कर किंमत ठरवण्याआधीच त्यात मिळवा, आणि ती गाडी आधी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, म्हणजे पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी, होती का ते नोंदीत बघून घ्या.